तिसरी व्यक्ती

सात महिने माझ्या डोक्यावर एक पोर गरोदर होती आणि मला कळलं नाही. डोक्यावर म्हणजे शब्दशः. विश्रांतवाडीतल्या आमच्या छोट्या बंगल्यात मी खाली राहते आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने देते. गल्लीत कुणाकडे कोणती भाजी शिजतेय ते मला वासावरून कळतं अशी माझी ख्याती आहे, ती मीच पसरवलेली असली तरी. आणि माझ्याच जिन्यावरून रोज वरखाली करणाऱ्या मुलीच्या पोटात काय वाढतंय, ते मला संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत समजू नये?

पण खरा धक्का तो नव्हता. ती ते माझ्यापासून, फक्त माझ्यापासून लपवत होती. शेजारच्या बाईंना माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. आणि का लपवत होती हे कळलं तेव्हा हातातलं ताट ठेवून मी तिच्याच पलंगावर बसले.

वरचे ते दोघं नवराबायको विदर्भातले, वर्ध्याकडचे. ती कॉम्प्युटर कंपन्यांच्या भरभराटीची वर्षं होती. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, आणि कंपन्यांच्या पांढऱ्या बस सकाळी सहा वाजता आमच्या आळंदी रस्त्यावरूनसुद्धा पोरं गोळा करत फिरायच्या. वरचा नवरा तसल्याच एका बसने जायचा. बायको येरवड्याच्या एका कंपनीत फोनवर परदेशातल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. शांत जोडपं. भाडं वेळेवर, आवाज नाही, मांसमच्छी माझ्या नाकाला कळेल इतकी नाही. दोन वर्षं झाली होती त्यांना.

माझं सांगायचं तर मी विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं टेबलाच्या आतल्या बाजूला काढली. लोक पॉलिसीवर डोळे मिटून सही करायचे आणि मग दहा वर्षांनी भांडायला यायचे. मी प्रत्येकाला बजावायची, "वाचा, मग सही करा. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका." निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हे माझं वाक्य म्हणून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते. मला त्याचा अभिमानच वाटला होता.

हळदीकुंकवाला मी तिला दोनदा निरोप पाठवला. पहिल्यांदा ती म्हणाली, ऑफिस आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, अंग दुखतंय. थंडीभर ती कायम एक जाड शाल गुंडाळून असायची, आणि मी व्हरांड्यात बसले असले की जिन्यावरून खाली येतच नसे, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मात्र मी चिडले. एवढी मी बोलावतेय आणि बाईसाहेबांना खाली उतरायचे कष्ट! म्हटलं, आपणच जाऊ. तिळगूळ, हळदीकुंकू आणि वाणाची स्टीलची वाटी ताटात घेतली आणि वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

ती जमिनीवर बसून खोक्यात भांडी भरत होती. शाल नव्हती. मला पाहिल्याबरोबर तिने काय केलं असेल? शेजारची उशी ओढली आणि पोटाशी धरली. आणि मी तोंड उघडण्याआधी म्हणाली, "काकू, आम्ही जाऊनच राहिलो न. महिनाअखेर खाली करून देतो. तुम्ही ओरडू नका फक्त."

मी आयुष्यात पुष्कळांना ओरडले आहे. पण सात महिन्यांच्या गरोदर बाईने मला बघून पोट झाकावं, हे मी कधी कल्पनेतही पाहिलं नव्हतं.

"ओरडू कशाला? आणि जाताय कुठे?"

"लोणी काळभोरला. यांच्या मित्राच्या मामाची जागा आहे, मळ्यात. दोन खोल्या आहेत."

"लोणी काळभोर? आणि तुझी नोकरी? दवाखाना?"

"नोकरी सोडतो म्हटलं. दवाखान्याचं पाहू न."

"पण का?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच तिची थट्टा करतेय. मग उठली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आणि कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढून आणली. आमचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. दर अकरा महिन्यांनी नवं करायचं, म्हणजे भाडेकरू जागेवर हक्क सांगत नाही, अशी पुण्यातल्या सगळ्या घरमालकांची रीत. तिसऱ्या पानावर नववं कलम. खाली पेन्सिलीने रेघ मारलेली. चष्मा गळ्यातच होता, तो डोळ्यांवर चढवून मी वाचलं.

"सदर जागेत वर नमूद केलेल्या दोन व्यक्तींखेरीज तिसरी कोणतीही व्यक्ती, नात्याने कितीही जवळची असो, वास्तव्यास राहणार नाही, तसे आढळल्यास जागा तात्काळ रिकामी करून द्यावी लागेल."

पानाच्या तळाशी माझी सही. शेवटी शेपूट असलेली, तीस वर्षं विम्याच्या कागदांवर घोटलेली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"अगं, पण हे... मूल म्हणजे काय तिसरी व्यक्ती असते का?"

"मग काय असते, काकू?"

तिने हे उद्धटपणे विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मी ताट खोक्यावर ठेवलं आणि तिच्या पलंगाच्या कडेवर बसले.

मग तिने आपणहून सांगितलं. मागच्या वर्षीही दिवस राहिले होते. तेव्हा नवऱ्याची नोकरी नवी होती, कायम झाली नव्हती. ही जागा गेली असती तर दुसरीकडे दुप्पट भाडं आणि वर डिपॉझिट, आणि नव्या घरमालकाच्या कागदातही हेच असणार, असं दोघांनी धरलं. पंधरा दिवस दोघं बोलत राहिले. "मग नाही ठेवलं आम्ही," ती म्हणाली. आणि ते म्हणताना तिने उशी आणखी जवळ घेतली.

मागच्या वर्षी. म्हणजे त्या दिवसांत मी खाली काय करत होते? बहुधा जिन्यावर चिखल आला म्हणून दोघांना सुनावत होते.

"अगं, मला एका शब्दाने विचारायचं तरी!" मी जवळजवळ किंचाळले. मला तिचा राग आला होता, माझा आला होता, कुणाचा आला होता कोण जाणे.

"पहिल्याच दिवशी तुम्ही म्हटलं होतं न, काकू. कागदावर आहे तेच. तोंडी काही चालायचं नाही."

म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. मी सगळ्यांनाच म्हणते.

त्या दिवसापर्यंत माझं एक ठरलेलं भाषण होतं. माझा मुलगा आणि सून वाकडला भाड्याच्या एका बेडरूमच्या घरात राहायचे. दोघंही कॉम्प्युटरवाले. लग्नाला पाच वर्षं झाली होती. फ्लॅट बघायला दर रविवारी जायचे, आणि ते बघून परत येईपर्यंत भाव वाढलेला असायचा. मी विचारलं की म्हणायचे, "घर झाल्यावर बघू." मग माझं भाषण सुरू. आम्ही नारायण पेठेत दीड खोलीत संसार केला, मोरी बाहेर, संडास खाली, त्याच दीड खोलीत तू झालास, तुझे बाबा ऑफिसला जाताना तुला ओलांडून जायचे, काही बिघडलं का? मूल व्हायला काय तीन बेडरूम लागतात?

एकदा सून हळूच म्हणाली होती, "अहो आई, आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्येच आहे. दोघंच राहायचं."

मी उसळले होते. "असलं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचं मूलबाळ नसणार! काळीज तरी आहे का त्याला?" मुलगा जेवत होता. त्याला ठसका लागला. पाणी प्यायला म्हणून तो उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाटलं, त्याला माझ्या कटकटीचा कंटाळा आलाय.

आता त्या पलंगाच्या कडेवर बसून मला माझं भाषण ऐकू आलं आणि त्यात जे नव्हतं ते पहिल्यांदाच दिसलं. जुन्या भाडेकायद्यामुळे नारायण पेठेतल्या त्या दीड खोलीतून आम्हाला कुणी काढू शकत नव्हतं. घरमालक वर्षानुवर्षं तेच नाममात्र भाडं घ्यायचा, खिडकीतून शिव्या घालायचा, नळ बंद करायचा, पण आम्ही तिथे पाय रोवून होतो. मला चार मुलं झाली असती तरी त्याची परवानगी लागली नसती. मोरी बाहेर होती हे मी प्रत्येकाला सांगत आले. पायाखालची जागा पक्की होती हे कधी सांगितलंच नाही, कारण ते मला कधी जाणवलंच नव्हतं.

"खोकी उघड," मी तिला म्हटलं. "कुठेही जायचं नाही. बाळंतपण इथे होईल. मी खाली आहे."

तिचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. ती खोक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लिहून द्याल, काकू?"

कुणी तोंडात मारावी तसं झालं. पण बरोबर होतं तिचं. मीच शिकवलं होतं. मी तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाटी तिच्या हातात ठेवली आणि जिना उतरून खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून शिवाजीनगरला कोर्टाबाहेरच्या माझ्या नेहमीच्या टायपिस्टाकडे गेले. हा गृहस्थ पूर्वी ताडपत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसायचा. आता त्याचा गाळा होता, आत दोन कॉम्प्युटर होते, आणि दाराशी "भाडेकरार अर्ध्या तासात" अशी पाटी होती. वरच्या खोल्यांचे सगळे करार पहिल्यापासून त्यानेच केलेले. माझं काम म्हणजे दर अकरा महिन्यांनी त्याला फोन करून नावं आणि भाडं सांगायचं. तो कागद तयार ठेवायचा, मी जाऊन सही करायची. वाचायचं काय त्यात, आपलाच तर कागद.

"नववं कलम काढून टाका," मी म्हटलं.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "का हो मॅडम? चांगलं वाक्य आहे."

"चांगलं? कुणी लिहिलं हे असलं? तुम्ही?"

"मला कुठे येतंय असं मराठी," तो म्हणाला. "तुमचंच आहे की. तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं होतंत. ते दोन कॉलेजची पोरं ठेवली होतीत बघा, तेव्हा."

आणि मला सगळं आठवलं. पंधरा वर्षं झाली असतील. आमचे पहिले भाडेकरू, दोन विद्यार्थी. दर आठवड्याला त्यांच्याकडे कुणीतरी नवा मावसभाऊ राहायला यायचा. एकदा सकाळी सात मावसभाऊ दात घासत जिन्यावर ओळीने बसलेले मी पाहिले. त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाशी बसून ते वाक्य लिहिलं. "नात्याने कितीही जवळची असो" हे मावसभावांसाठी होतं. लिहून झाल्यावर घरात मोठ्याने वाचून दाखवलं. हे तेव्हा होते. म्हणाले, "वा, वकिलाच्या तोंडात मारशील." मुलगा दहावीत होता. त्याने ते पाठच केलं. पुढे कितीतरी दिवस घरी कुणी आत्या-मावशी राहायला आली की तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजायचा, "नात्याने कितीही जवळची असो!" आणि आम्ही हसून बेजार व्हायचो. ती पोरं शिकून गेली, नवे भाडेकरू आले, हे गेले. वाक्य तेवढं राहिलं, आणि मी ते विसरूनही गेले.

टायपिस्ट खुशीत येऊन सांगत होता. "मी तेव्हापासून सगळ्यांनाच घालतो हे. कॉम्प्युटर घेतला तेव्हा साच्यातच टाकलं. घरमालक लोक एकदम खूश होतात."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना. माझ्याकडे येतात त्या सगळ्यांना. औंध, वाकड, हडपसर. शेजारच्या दोन टायपिस्टांनीही माझ्याकडून उचललंय ते."

मी बाकावर बसले. समोर दोघं-तिघं आपला कागद मिळायची वाट बघत उभे होते. एक नवं जोडपं होतं, मुलीच्या हातावर मेंदी होती. त्यांचा घरमालक पानं न उलटता सह्या करत होता.

"अहो, काढून टाका ते. सगळ्यांचंच."

"तुमचं काढतो," तो म्हणाला. "बाकीच्यांनी सांगितलं तर त्यांचं काढीन. पण कोण सांगणार? घरमालक वाचत नाही आणि भाडेकरू बोलत नाही." त्याने कळ दाबली आणि माझ्या कागदातून नववं कलम गेलं. इतकं सोपं होतं ते. एक बोट. "आणि मॅडम, चिरंजीवांच्या वाकडच्या जागेचं काय करायचं? त्यांचंही मीच करतो ना. तुम्हीच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतंत."

पाठवलं होतं. आपल्या ओळखीचा आहे, कागद चोख करतो, असं म्हणून. "आधी तो कागद बघते," एवढंच मी म्हटलं.

मी घरी येऊन वरच्या मुलीला नवा कागद दिला. तिने माझ्यासमोर उभ्या उभ्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, मग खोकं उघडून पहिली कढई बाहेर काढली. मला बरं वाटायला हवं होतं. मला काहीच वाटत नव्हतं. माझ्या डोक्यात वाकड होतं.

रविवारी तिथे गेले. मुलगा बाजारात गेला होता, सून एकटीच होती. मी चहा नको म्हटलं आणि तुमचं अ‍ॅग्रीमेंट दाखव म्हटलं. कशाला, असं तिने विचारलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिने ड्रॉवरमधून कागद आणून माझ्या हातात दिला. तिसरं पान, नववं कलम, माझं वाक्य, एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे न झालेला. आणि समासात माझ्या मुलाच्या अक्षरात एकच शब्द, पेन्सिलीने: "आई!"

"तुला माहीत होतं?"

"सही करताना हे इतके हसले होते, आई. घरमालकांनाही कळेना काय झालं ते. घरी येऊन मला मावसभावांची गोष्ट सांगितली." ती कागदाची कड बोटाने सरळ करत होती. "तेव्हा आम्हाला गंमत वाटली होती."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी एवढी बोलत होते, एवढं काय काय म्हणत होते... ज्याने लिहिलं त्याला काळीज नाही म्हणाले मी!"

"मी सांगणार होते एकदा. जागा टिकवायची म्हणून आम्ही थांबलो होतो, आणि घरमालक त्या वाक्यावर बोट ठेवूनच बोलायचे, दर वेळी नवा कागद करताना. तुम्ही विचारलंत की मला राग यायचा." मी काही विचारायच्या आत तिने डोळे पुसले. काय झालं होतं, की काहीच झालं नव्हतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वरच्या मुलीने आपणहून सांगितलं होतं, हिला विचारता आलं नाही.

"यांनी मला शपथ घातली होती," सून म्हणाली. "म्हणाले, आईला कधीही कळू द्यायचं नाही. ती विचारते तेव्हा विचारू दे. घर झाल्यावर बघू, एवढंच सांगायचं."

खाली गेटचा आवाज आला. मुलगा भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होता. सुनेने कागद माझ्या हातातून घेतला आणि घाईघाईने ड्रॉवरमध्ये ठेवला. मी पदराने तोंड पुसलं. तो आत आला, मला बघून हसला आणि म्हणाला, "अरे वा, आई! राहणार ना आज?"

मी हो म्हटलं.